किमान वेतन: छोट्या मालकाने पगार बसवायचा कसा

पीएफ म्हटलं की वीस माणसं, ग्रॅच्युइटी म्हटली की दहा, बोनस म्हटला की पुन्हा वीस. कामगार कायद्यांचे हे आकडे बाजारपेठेत सगळ्यांना पाठ असतात. त्यामुळे दोन-चार माणसं कामाला ठेवणाऱ्या दुकानदाराचा समज होऊन बसतो की आपण लहान, आपल्याला यातलं काही लागू नाही. किमान वेतनाच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. इथे माणसांची खालची मर्यादाच नाही. गल्ल्यावर मालक आणि हाताखाली एकच मदतनीस असला, तरी त्या मदतनिसाला सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी पगार देता येत नाही.

लहान मालक हा कायदा मुद्दाम मोडतात असं मला वाटत नाही. पगार ठरतो तो शेजारच्या दुकानात काय चाललंय ते बघून, माणसाची गरज किती आणि आपली ऐपत किती याचा अंदाज घेऊन. सरकारी दर कुठे बघायचा आणि तो वाचायचा कसा, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. हा हिशोब अवघड नाही. दर योग्य ओळीतून उचलायचा, वर्षातून दोनदा तो तपासायचा आणि दिलेल्या पगाराचा कागद ठेवायचा, एवढंच काम आहे. ते नीट झालं तर कामगाराला त्याचं मिळतं आणि मालकाला रात्री झोप लागते.

कायदा आज कुठे उभा आहे

सत्तर वर्षांहून अधिक काळ या विषयाचा आधार होता 1948 चा किमान वेतन अधिनियम. ठरावीक उद्योगांची एक अनुसूची होती आणि तिच्यात नाव असलेल्या उद्योगालाच दर लागू होत. आता त्याची जागा वेतन संहिता, 2019 ने घेतली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. वेतन संहितेत किमान वेतन, वेतन प्रदान, बोनस आणि समान वेतन असे चार जुने कायदे एकत्र आले आहेत. सगळ्यात मोठा बदल म्हणजे किमान वेतनाचा हक्क आता सगळ्या रोजगारांना आहे. ‘माझा धंदा यादीत नाही’ हे उत्तर संपलं.

मग जुन्या अधिसूचनांचं काय? संहितेशी विसंगत नसतील तेवढ्यापुरत्या त्या चालू राहतात. म्हणून महाराष्ट्रातल्या दुकानदाराला आजचा दर राज्य सरकारच्या अधिसूचनेतच शोधायचा आहे. केंद्र सरकार ठरवतं ती तळरेषा, म्हणजे राज्यांनी ज्याखाली दर बांधायचा नाही अशी रक्कम. दुकान, उपाहारगृह, बेकरी, वर्कशॉप अशा बहुतेक खासगी व्यवसायांसाठी दर ठरवण्याचं काम राज्याचं आहे.

दर तयार कसा होतो

या दराचे दोन भाग असतात, मूळ वेतन आणि विशेष भत्ता.

मूळ वेतन सरकार अधिसूचना काढून ठरवतं. त्यासाठी एक तर समिती नेमली जाते, जिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात आणि शिवाय त्रयस्थ सदस्य असतात. किंवा सरकार थेट मसुदा प्रसिद्ध करून त्यावर सूचना-हरकती मागवतं. हरकतींसाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. दर फार वाढला अशी तक्रार नंतर बाजारात ऐकू येते, पण मसुदा आला तेव्हा व्यापारी संघटनेने लेखी म्हणणं मांडलेलं नसतं. तो मार्ग लहान मालकांनाही उघडा आहे. मूळ दराचा आढावा साधारणपणे पाच वर्षांच्या आत घ्यायचा असतो.

पाच वर्षं भाव थांबत नाहीत, म्हणून विशेष भत्ता. तो ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला असतो. तेल, डाळ, भाडं, कपडा महागला की निर्देशांक चढतो आणि त्या प्रमाणात भत्ता वाढतो. महाराष्ट्रात हा भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला. या दोन तारखा दुकानाच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवाव्यात. भत्त्याचं पत्रक तारीख उलटून गेल्यावर हातात पडतं, पण वाढ लागू होते ती 1 तारखेपासूनच. मधल्या काळाचा फरक पुढच्या पगारात द्यायचा असतो. पगार एकदा बरोबर बसवलेल्या मालकाचाही हिशोब चुकतो तो इथेच. पहिल्या वर्षी दर बरोबर असतो, दोन वर्षांनी तोच आकडा कमी पडलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

तक्त्यातली आपली ओळ

अधिसूचना उघडली की आकड्यांचा तक्ता समोर येतो. त्यातला आपला आकडा शोधायला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, उद्योग कोणता? दुकाने व व्यापारी संस्थांचा तक्ता वेगळा, उपाहारगृहांचा वेगळा, बेकरीचा वेगळा, इंजिनिअरिंगचा वेगळा. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा आत काम काय चालतं ते महत्त्वाचं. मागे भट्टी आणि पुढे काउंटर असेल तर कोणता तक्ता लागू, हे अंदाजाने ठरवू नये. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी विचारून उत्तर फाइलला लावावं.

दुसरा प्रश्न, परिमंडळ कोणतं? महानगरपालिका, नगरपालिका आणि उरलेला ग्रामीण भाग अशा प्रकारे क्षेत्रांचे गट केलेले असतात. कोणता भाग कोणत्या परिमंडळात येतो ते त्या-त्या अधिसूचनेत लिहिलेलं असतं आणि प्रत्येक उद्योगात ती विभागणी सारखीच असेल असं नाही. शहराच्या हद्दीला लागून असलेल्या वर्कशॉपने हे विशेष काळजीने वाचावं.

तिसरा प्रश्न, माणूस कुशल, अर्धकुशल की अकुशल? हे ठरतं तो करत असलेल्या कामावरून. दहावी नापास वेल्डर कुशलच असतो. ‘हेल्पर’ म्हणून घेतलेला मुलगा वर्षभराने स्वतः मशीन लावू लागला, तर त्याची श्रेणी बदलली असं समजायचं. बाई आणि पुरुष असा भेद या तक्त्यात नाही. तेच किंवा त्यासारखंच काम करणाऱ्या बाईला कमी पगार देणं संहितेने स्वतंत्रपणे मना केलं आहे.

‘शिकाऊ आहे’ म्हणून कमी देण्याची पद्धत सगळीकडे आहे. कायद्यातली सवलत फक्त शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 खाली रीतसर घेतलेल्या उमेदवारासाठी आहे. तीन महिने ‘ट्रायल’वर ठेवलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण किमान वेतन लागतं.

एक दुकान, तीन माणसं

आता हिशोब करून बघू. नगरपालिकेच्या गावातलं एक फरसाण-मिठाईचं दुकान घेऊ. तिथे एक कारागीर आहे, काउंटरवर एक मुलगा आहे आणि रोज तीन तास भांडी-झाडलोट करायला एक मावशी येतात. खालचे दर हिशोब समजावा म्हणून सोयीचे धरले आहेत. प्रत्यक्षात त्या सहामाहीच्या पत्रकातलेच आकडे घ्यायचे.

विशेष भत्ता तिघांना महिना 3,500 रुपये धरू. मूळ वेतन कुशल 10,800, अर्धकुशल 10,150 आणि अकुशल 9,500. म्हणजे महिन्याचं किमान वेतन अनुक्रमे 14,300, 13,650 आणि 13,000 रुपये झालं.

रोजचा दर काढायला महिन्याच्या रकमेला 26 ने भागायचं. महिन्याच्या दरात साप्ताहिक सुटीचा पगार धरलेला असतो, म्हणून 30 ने भागत नाहीत. कुशलचा रोज 550, अर्धकुशलचा 525, अकुशलचा 500. तासाचा दर हवा असेल तर रोजाला 8 ने भागायचं. कुशलला तासाला 68 रुपये 75 पैसे, अकुशलला 62 रुपये 50 पैसे.

कारागिराला मालक 15,000 देतो. किमान दर 14,300, म्हणजे पगार बरोबर आहे. पण दिवाळीच्या आठवड्यात त्याने नेहमीच्या वेळेबाहेर 20 तास जादा काम केलं. जादा कामाचा दर दुप्पटीपेक्षा कमी चालत नाही आणि तो त्याला मिळणाऱ्या दरावरून काढायचा. नुसता किमान दर धरला तरी तासाला 137 रुपये 50 पैसे, म्हणजे 20 तासांचे 2,750 रुपये होतात. मिठाईचा पुडा आणि हातावर ठेवलेली पाचशेची नोट यांनी ही रक्कम भागत नाही.

काउंटरवरचा मुलगा अर्धकुशल धरला आहे. त्याला 12,000 पगार आणि 1,500 येण्याजाण्याचे, असे 13,500 मिळतात. मालकाला वाटतं की दीडशेचाच प्रश्न आहे. पण प्रवासखर्च किमान वेतनात मोजता येत नाही. त्याचं मोजायचं वेतन 12,000 आणि दर 13,650. दर महिन्याला 1,650 रुपये कमी पडतात.

मावशींना महिन्याला 3,000 रुपये मिळतात आणि गावात हाच भाव आहे. महाराष्ट्राच्या अधिसूचनांमध्ये अंशकालिक कामगारासाठी तासाच्या दरावर 15 टक्के वाढ धरण्याची रीत आहे. 62.50 वर 15 टक्के म्हणजे तासाला 71 रुपये 88 पैसे. रोज तीन तास, 26 दिवस, म्हणजे 78 तास. रक्कम येते 5,606 रुपये 64 पैसे. मावशींना निम्म्याहून थोडंच जास्त मिळतंय. या दुकानात सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं होतंय आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्याही त्याच आहेत. अर्धवेळ काम करणाऱ्या बायकांचा हिशोब बहुतेक ठिकाणी कोणी केलेलाच नसतो, म्हणून तपासणी त्यांच्यापासून सुरू करावी.

नगावर मजुरी असली तरी नियम तोच. पुडे भरणाऱ्या माणसाची दिवसभराची नगावरची कमाई त्या कामाच्या रोजच्या किमान दरापेक्षा कमी आली, तर उरलेली रक्कम मालकाने भरून द्यायची. माणूस कामावर आला, पण लाइट गेली किंवा माल आला नाही म्हणून त्याला दुपारी घरी पाठवलं, तर त्याचा पूर्ण दिवस धरावा लागतो. काम करायला तो तयार होता, काम मालकाकडे नव्हतं.

पगारात काय मोजायचं

काउंटरवरच्या मुलाचं उदाहरण नीट समजून घ्यायला हवं, कारण पगाराची ‘फोड’ करून देण्याची सवय सगळीकडे आहे. वेतन म्हणजे मूळ पगार, महागाई किंवा विशेष भत्ता आणि राखीव भत्ता. घरभाडं, प्रवासखर्च, जादा कामाचे पैसे, कमिशन, बोनस, मालकाने भरलेला पीएफ हे वेतनात येत नाहीत. मात्र अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनच मानला जातो. साधा उपाय असा की आधी मूळ आणि विशेष भत्ता मिळून सरकारी दर पूर्ण करावा आणि बाकीचं काय द्यायचं ते त्याच्यावर द्यावं.

मिठाईवाल्यांकडे आणि खाणावळींत ‘राहून-जेवून’ पगार ठरतो. जेवणाचे तीन हजार, खोलीचे दोन हजार असे मनाने धरून पगार तेवढा खाली आणणं धोक्याचं आहे. किमान वेतन आधी पगारपत्रकात पूर्ण दिसलं पाहिजे. कायद्याने ज्या सोयींसाठी कपात मान्य केली आहे तेवढीच कपात कामगाराच्या संमतीने, वेगळी ओळ करून दाखवावी.

उचल, दंड आणि मोडतोड

उचल परत घेता येते, गैरहजेरीचे पैसे कापता येतात आणि विश्वासाने ताब्यात दिलेल्या मालाचं किंवा रोकडीचं नुकसान कामगाराच्या हयगयीने झालं असेल तर तेही वसूल करता येतं, पण त्याला त्याचं म्हणणं मांडू दिल्यावरच. सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. लग्नासाठी घेतलेली मोठी उचल एकाच पगारात फेडून घेणारा मालक इथेच अडकतो. हप्ते बांधून द्यावेत आणि ते लिहून ठेवावेत. दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे 13,000 वर 390 रुपयांपर्यंत. तोही आधी जाहीर केलेल्या कारणांसाठीच आणि माणसाचं ऐकून घेतल्यावरच. उशीर झाला की अर्धा दिवस कापायची पद्धत या नियमात बसत नाही.

पगार महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. माणूस सोडून गेला किंवा काढला, तर त्याचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत पूर्ण करायचा. ‘दुसरा माणूस आणून दे, मग पगार घे’ हे चालत नाही. आणि ‘मी कमी पगारावर राजी आहे’ असं लिहून घेतलं असेल, तर त्या कागदाला काही किंमत नाही, कारण हक्क सोडून देणारा असा करारच कायद्याने रद्द ठरवला आहे. धंदा मंदा आहे, परवडत नाही, हे कारणही टिकत नाही. 1954 च्या बिजय कॉटन मिल्स खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाचा कायदा वैध ठरवला होता. 1983 मध्ये संजित रॉय खटल्यात राजस्थानातल्या दुष्काळी कामावरच्या मजुरांना कमी मजुरी दिल्याबद्दल न्यायालयाने सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही वेठबिगारी आहे.

तीन कागद

संहितेतलं एक कलम लहान मालकाने नीट लक्षात ठेवावं. कामगाराने पगार कमी मिळाल्याचा दावा केला, तर पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. पूर्ण पगार रोख दिला आणि कुठेच नोंद केली नाही, तर प्रामाणिक मालकालाही ते दाखवता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी ठेवाव्यात. पहिली हजेरीची वही, जिच्यात आल्याची आणि गेल्याची वेळ असेल, कारण जादा तासांचा वाद नुसत्या टिकमार्कवर सुटत नाही. दुसरं पगारपत्रक, ज्यात मूळ, विशेष भत्ता, जादा काम, कपात आणि हातात दिलेली रक्कम असे रकाने असतील. तिसरी प्रत्येकाच्या हातात दिलेली पगाराची चिठ्ठी. पगार शक्यतो कामगाराच्या स्वतःच्या बँक खात्यात टाकावा. रोख देणं कायद्याने बंद केलेलं नाही, पण बँकेची नोंद हा आयता पुरावा असतो. मुकादमामार्फत माणसं घेतली असतील तर पैसे माणसांपर्यंत पोचले की नाही ते बघावं, कारण मुकादमाने बुडवले तर भरपाई आस्थापनेच्या मालकाकडे मागितली जाते. दरांचा तक्ता भिंतीवर लावावा. कामगाराला आपला दर माहीत असणं हे मालकाच्याही फायद्याचं आहे. चूक झाली तर ती पहिल्याच महिन्यात कळते.

कमी दिलंय असं लक्षात आलं तर

घाबरून वही फाडू नये आणि मागच्या तारखा टाकून नवी लिहूही नये. कोणत्या महिन्यापासून किती कमी पडलं ते माणूसवार मांडावं, फरक खात्यात जमा करावा आणि कामगाराच्या सहीनिशी नोंद ठेवावी. दावा करायला कामगाराला तीन वर्षांची मुदत आहे. काउंटरवरच्या मुलाचे महिन्याला 1,650 धरले तर तीन वर्षांचे 59,400 होतात. प्रकरण प्राधिकाऱ्यापुढे गेलं तर या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत, म्हणजे 5,94,000 रुपयांपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. कमी वेतनाबद्दल 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत तोच गुन्हा पुन्हा झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदवह्या नसल्याचा दंड 10,000 पर्यंत आहे.

तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याकडे आता सल्ला देण्याचंही काम सोपवलेलं आहे. कमी वेतनाचा गुन्हा सोडून नोंदवह्यांसारखी दुसरी चूक पहिल्यांदा सापडली तर खटला भरण्यापूर्वी ठरावीक मुदतीत ती दुरुस्त करायची लेखी संधी त्याने द्यायची असते. तेव्हा अधिकारी दारात यायच्या आधी आपणच त्याच्या कार्यालयात जाऊन शंका विचारलेल्या बऱ्या.

एकट्याने करायचं काम नाही

तालुक्याच्या व्यापारी असोसिएशनने यात फार मोठं काम करण्यासारखं आहे. दर जानेवारी आणि जुलैला एका पानाचा तक्ता काढायचा. आपल्या परिमंडळाचे दर, महिन्याचे, रोजाचे आणि तासाचे, हिशोब करून छापायचे आणि सभासदांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. जीएसटीचे कागद करणाऱ्या कर सल्लागाराने त्याच भेटीत पगारपत्रकावर नजर टाकायची. मसुदा अधिसूचना आली की सगळ्यांनी मिळून म्हणणं मांडायचं. सगळ्यांनी एकदम दर पाळला तर कोणाचाच माल दुसऱ्यापेक्षा महाग पडत नाही. आज जो दुकानदार पूर्ण पगार देतो, त्याला कमी पगारावर माल स्वस्त विकणाऱ्या शेजाऱ्याशी झुंजावं लागतं, आणि किमान वेतनाचा कायदा त्याचंही रक्षण करतो.

सुरुवात या महिन्याच्या पगारापासून करता येईल. प्रत्येक माणसाचं नाव, काम, तास आणि किमान वेतनात मोजता येणारी रक्कम एका कागदावर लिहा. शेजारी त्याच्या ओळीतला सरकारी दर लिहा. जिथे दुसरा आकडा मोठा आहे, तिथे तो फरक त्या माणसाच्या घरच्या किराण्यातून आणि पोरांच्या फीमधून जातो आहे. सात तारखेच्या आत तो भरून काढा.